स्वस्तातलं सुकाणू

घरच्या घरी फ्लाइट सिम्युलेटर उडवणाऱ्या माणसाला एक दिवस कळतं की आपले पाय रिकामे आहेत. हातात जॉयस्टिक असते, समोर स्क्रीन असतो, कानात इंजिनचा आवाज असतो. आणि पाय टेबलाखाली एकमेकांवर टाकून निवांत पडलेले असतात, एसटीत खिडकीची सीट मिळाल्यासारखे. खऱ्या विमानात असं बसता येत नाही. तिथे पायांना नोकरी आहे, आणि ती फुलटाइम आहे.

या पायांना काम द्यायचं, तेही आपल्या खिशाला परवडेल अशा पैशांत, यासाठी मी गेल्या वर्षी जवळजवळ चार महिने घातले. रडर पेडल्स नवी घ्यायची, सेकंडहँड घ्यायची, की घरीच बनवायची? त्या शोधात मला विमानाबद्दल जेवढं कळलं तेवढंच ‘स्वस्त’ या शब्दाबद्दल कळलं. तुमच्यातल्या कुणाच्या डोक्यात हेच वेड असेल तर उपयोग होईल, आणि नसेल तरी स्वस्तात काहीतरी घ्यायची वेळ सगळ्यांवर येतेच.

आधी माझी परिस्थिती सांगतो. मी भोसरी एमआयडीसीत एका टूलरूममध्ये क्वालिटीला आहे. दिवसभर व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि डायल गेज हातात. मोशीला तिघांत मिळून घेतलेला फ्लॅट, त्यातल्या एका खोलीच्या एका कोपऱ्यात माझं टेबल. लॅपटॉप जुना आहे, त्यामुळे मी ‘फ्लाइटगिअर’ वापरतो. हा सिम्युलेटर फुकट आहे, जगभरच्या हौशी लोकांनी १९९०च्या दशकापासून तो मिळून बनवलाय आणि त्यातलं नेहमीचं विमान म्हणजे सेसना १७२. धुळ्याला घरी पैसे पाठवून, भाडं भरून, डबेवाल्या काकूंचे देऊन झाले की जे उरतं त्यातून पेडल्ससाठी मी सहा हजारांची मर्यादा घातली होती. एक रुपया वर नाही.

आता हे रडर म्हणजे नेमकं काय, ते बघू. विमानाच्या शेपटीला जो उभा भाग दिसतो, त्याची मागची हलणारी फळी म्हणजे रडर. मराठीत सुकाणू. डावं पेडल दाबलं की रडर डावीकडे वळतं, हवा शेपूट उजवीकडे ढकलते आणि नाक डावीकडे जातं. ऐकायला सोपं आहे, पण सायकलच्या हँडलच्या हे बरोबर उलट आहे. हँडलची डावी मूठ पुढे ढकलली तर सायकल उजवीकडे वळते. त्यामुळे पहिले काही दिवस मेंदूत भांडण चालतं.

नावेसारखं सुकाणू फिरवून विमान वळवत असतील असं आपल्याला वाटतं. तसं नाही. विमान वळतं ते पंख कलल्यामुळे, आणि पंख कलतात ते हातातल्या स्टिकमुळे. मग पायाचं काम काय? समजा उजवीकडे वळायचंय. स्टिक उजवीकडे नेली की डाव्या पंखामागची एलेरॉनची पट्टी खाली झुकते. त्या पंखाची उचल वाढते, पण त्याबरोबर हवेचा विरोधही वाढतो. म्हणजे पंख कलतो उजवीकडे आणि नाक मात्र आधी डावीकडे सरकतं. हा उलटा ओढा उजव्या पायाने हलकेच सावरायचा असतो.

टेकऑफला तर पायाशिवाय पान हलत नाही. सेसनाचा पंखा पायलटच्या जागेवरून बघितला तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. त्याने मागे फेकलेली हवा पीळ घालत शेपटीवर आदळते, त्यात आणखी दोन-तीन कारणं मिसळतात, आणि फुल पॉवर दिली की विमान डावीकडे ओढ घेतं. शिकवणारे जगभर एकच ओरडत असतात : उजवा पाय!

हे सगळं बरोबर चाललंय की नाही हे सांगायला समोर एक साधं यंत्र असतं. वाकवलेली काचेची नळी, तिच्यात द्रव आणि एक काळा चेंडू. चेंडू मधल्या दोन रेघांच्या आत असला तर विमान हवेतून सरळ चाललंय. चेंडू उजवीकडे घरंगळला तर उजवा पाय, डावीकडे गेला तर डावा. बॅटरी नाही, सॉफ्टवेअर नाही. सुताराच्या लेव्हलबॉटलचाच हा भाऊ.

राइट बंधूंनाही हे लगेच सापडलं नव्हतं. १९०२च्या ग्लायडरला त्यांनी आधी शेपटीत न हलणारी उभी पृष्ठं लावली, मग ती हलती केली आणि पंख पिळण्याच्या दोऱ्यांनाच जोडून टाकली. म्हणजे पंख कलला की रडर आपोआप वळायचं. १९०५च्या विमानात मात्र त्यांनी रडरचं नियंत्रण वेगळं काढलं. त्यानंतर फ्रान्समध्ये लुई ब्लेरियोने १९०८च्या सुमारास हातात दांडी आणि पायाखाली आडवी पट्टी अशी मांडणी वापरली. आज कुठल्याही विमानात बसा, हात आणि पाय यांची ही वाटणी तीच आहे.

गंमत म्हणजे बहुतेक सिम्युलेटर आपल्याला परत १९०२मध्ये नेऊन ठेवतात. त्यात एक ‘ऑटो’ सेटिंग असतं, जे स्टिकबरोबर रडर स्वतःच हलवतं. ज्याच्याकडे पेडल्स नाहीत त्याची सोय. चेंडू कायम मधोमध, आणि पाय कायम बेकार.

*

बाजारात काय मिळतं?

सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणजे पिळता येणारी जॉयस्टिक. लॉजिटेकच्या एक्स्ट्रीम थ्रीडी प्रोसारख्या स्टिकची मूठ स्वतःभोवती फिरते आणि ते फिरणं रडरला जोडलेलं असतं. वेगळा खर्च शून्य. अडचण मनगटाची आहे. स्टिक उजवीकडे कलंडताना मूठ नकळत थोडी पिळली जातेच. म्हणजे पंखाची चूक आणि सुकाणूची चूक एकाच हातात मिसळते. जी दोन कामं वेगळी करायला राइट बंधूंना तीन वर्षं लागली, ती इथे पुन्हा एका मुठीत येतात.

मग खरी पेडल्स. थ्रस्टमास्टरची टीएफआरपी हलकी, प्लास्टिकची, रुळावर सरकणारी. वर पंजाने दाबायचे ब्रेक आहेत, ज्यांना टो ब्रेक म्हणतात. दोन्ही पेडल्स एकमेकांच्या बरीच जवळ आहेत, त्यामुळे गुडघे जुळवून बसावं लागतं. लॉजिटेकची, म्हणजे पूर्वी साइटेक नावाने मिळणारी पेडल्स जास्त रुंद आणि मोठी, कडकपणा कमी-जास्त करायला मधे गोल बटण, आणि टो ब्रेक आहेतच. मी शोधत होतो तेव्हा नवी घ्यायची तर यातलं काहीही पाच आकड्यांच्या खाली येत नव्हतं. व्हीकेबीची टी-रडर पेडल्स आटोपशीर असतात, त्यांचा सेन्सर घासत नाही. पण त्यांना टो ब्रेक नाहीत, आणि परदेशातून मागवायची तर वर कुरिअर आणि कस्टम्स. त्यापुढे धातूची, जड, देखणी पेडल्स आहेत. त्यांचे फोटो मी आयफोनच्या जाहिरातीसारखे बघितले आणि टॅब बंद केला.

आणखी एक जुगाड असतो : रेसिंग गेमच्या गाडीची पेडल्स. अॅक्सिलरेटर म्हणजे उजवा पाय, ब्रेक म्हणजे डावा पाय, आणि सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही मिळून एक रडर. चालतं, पण एक गोष्ट हातची जाते. विमानात दोन्ही पेडल्स एकमेकांना बांधलेली असतात. डावं पुढे गेलं की उजवं मागे येतं. एक पाय दाबत असताना दुसऱ्याला ते जाणवतं, तो विरोध करतो, आणि दोघांच्या रस्सीखेचीतून बारीक नियंत्रण मिळतं. गाडीची पेडल्स एकमेकांशी बोलत नाहीत.

या सगळ्याची तुलना करताना मी टूलरूममधली सवय वापरली. ड्रॉइंगवर प्रत्येक मापाला टॉलरन्स असतो. काही मापं दोन मायक्रॉनने चुकली तरी जॉब रिजेक्ट, काही मापं अर्ध्या मिलिमीटरने चुकली तरी कुणी विचारत नाही. जो सगळ्याच मापांना कडक टॉलरन्स देतो तो पार्ट महाग करतो, आणि जो सगळ्यांना ढिला देतो तो भंगार बनवतो. मग पेडल्सचं कडक माप कुठलं आणि ढिलं कुठलं?

विचार करून माझी यादी अशी झाली. कडक माप पहिलं : मध्य. टेकऑफला पाय सगळा वेळ मध्याच्या आसपास, इकडे जरा तिकडे जरा, असाच काम करतो. तिथे खटका असेल, म्हणजे मधली जागा ओलांडताना आधी जोर लावावा लागत असेल आणि मग पाय एकदम निसटत असेल, तर बारीक दुरुस्ती अशक्य. कडक माप दुसरं : प्ले. पाय हलला पण आकडा हलला नाही, असं व्हायला नको. तिसरं : सेन्सरचा आकडा स्थिर हवा, पाय न हलवता नाचता कामा नये. चौथं, ज्याचा विचार कुणी करत नाही : पेडल्स जमिनीवरून सरकता कामा नयेत.

ढिली मापं? दिसणं. धातू की लाकूड. बटणं आणि दिवे. आणि, बराच विचार केल्यावर, टो ब्रेकसुद्धा. टायगर मॉथ हे दोन पंखांचं विमान आपल्या हवाई दलानेही प्रशिक्षणाला वापरलं. त्याला चाकांचे ब्रेकच नव्हते, आणि पायाखाली होती ती आडवी रडर बारच. सेसना १७२चं पुढचं चाक नुसत्या पेडल्सने दोन्ही बाजूंना साधारण १० अंश वळतं. एका बाजूचा ब्रेक दाबला तर ३० अंशांपर्यंत. म्हणजे टो ब्रेक नसतील तर जमिनीवर वळण मोठं घ्यावं लागेल, एवढंच. दोन्ही चाकांचा सारखा ब्रेक जॉयस्टिकच्या ट्रिगरला देता येतो.

स्वस्त वस्तूतही काहीतरी सोडलेलं असतं आणि महाग वस्तूतही. स्वस्त घेताना काय सोडलंय हे आपल्याला माहीत असायला हवं, आणि ते आपण निवडलेलं असावं.

*

ही यादी घेऊन मी एक सेकंडहँड सेट बघायला कोथरूडला गेलो. नामांकित बनावटीचा, मालक सज्जन, किंमत सहा हजार. मी लॅपटॉप घेऊन गेलो होतो, तुम्हीही न्या. विंडोजमध्ये रन उघडून ‘जॉय डॉट सीपीएल’ टाइप केलं की गेम कंट्रोलरची खिडकी उघडते आणि प्रत्येक अक्षाची हालचाल दिसते. पाय अगदी हळू पुढे न्यायचा आणि दिसणारी पट्टी सलग सरकते की उड्या मारते ते बघायचं. मग दहा वेळा दाबून सोडायचं आणि दर वेळी ती त्याच जागी परत येते का ते बघायचं. त्या सेटची पट्टी मध्यापाशी थरथरत होती. आतला पोटेन्शिओमीटर घासला किंवा धुळीने माखला की असं होतं. कधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारून सुधारतं, कधी बदलावा लागतो. मालकांना मी तसं सांगितलं, त्यांनी चहा पाजला, आणि सौदा न होता आम्ही मित्र म्हणून निघालो.

परत येताना पीएमटीत बसून विचार आला की माझ्या यादीतली चारही कडक मापं टूलरूममध्ये रोजची आहेत. प्ले नको तर बेअरिंग. स्थिर आकडा हवा तर न घासणारा सेन्सर. आणि ब्लेरियोची पट्टी तर नुसती पट्टीच आहे : मधोमध खिळलेली आडवी फळी. जगातली सगळ्यात साधी रडर पेडल्स ती. ती बनवायची ठरवली.

रचना सांगतो. दोन फूट लांबीची १८ मिलिमीटर प्लायची फळी. तिच्या मध्यातून खाली १५ मिलिमीटरचा शाफ्ट, आणि तो ६२०२ नंबरच्या दोन बेअरिंगांत बसवलेला. एक बेअरिंग लावलं तर फळी डुगडुगते. दोन, एकावर एक अंतर ठेवून लावली तर नाही. शाफ्ट आमच्याकडच्या लेथवर भंगारातल्या तुकड्यातून काढला, साहेबांची परवानगी घेऊन, जेवणाच्या सुट्टीत. पाय मध्यापासून १५ सेंटिमीटरवर ठेवायचे. दोन्ही बाजूंना २० अंश फिरली की फळी रबर लावलेल्या ठोकळ्याला टेकते, म्हणजे पाय पाचेक सेंटिमीटर पुढे, पाचेक मागे जातो. पंजे ठेवायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, टाचा जमिनीवर.

सेन्सरसाठी तपकीर गल्लीत गेलो. साधा पोटेन्शिओमीटर साधारण ३०० अंश फिरतो. अर्डुइनो त्याचे १०२४ भाग करतो. पण माझी फळी फिरणार फक्त ४० अंश, म्हणजे हातात येणार जेमतेम १३६ पायऱ्या. त्याऐवजी एएस-५६०० नावाची चुंबकावर चालणारी चिप मिळते. ती पूर्ण फेरीचे ४०९६ भाग करते, म्हणजे ४० अंशांत ४५५. पायाच्या दहा सेंटिमीटर प्रवासावर वाटलं तर एक पायरी पाव मिलिमीटरहून कमी. एवढं बारीक माझ्या पायाला कळत नाही. शिवाय चुंबक आणि चिप यांच्यात फट असते, म्हणजे घासायला काही नाही आणि झिजायला काही नाही. एक काळजी घ्यायची : चुंबक थेट लोखंडी शाफ्टवर चिकटवला तर त्याचं क्षेत्र बिघडतं, म्हणून मधे पितळेची टोपी घातली. चुंबकही व्यासाच्या दोन टोकांना दोन ध्रुव असलेला लागतो, फ्रिजवर लावतात तसला नाही.

बोर्ड म्हणून प्रो मायक्रो. अर्डुइनोच्या नेहमीच्या उनो बोर्डला कॉम्प्युटर जॉयस्टिक म्हणून सहज ओळखत नाही. प्रो मायक्रोतल्या चिपला यूएसबी येतं, त्यामुळे तयार लायब्ररी टाकली की तो स्वतःची ओळख गेम कंट्रोलर म्हणून करून देतो.

राहिला मध्य. तो स्प्रिंगांवर ठरतो. फळीला एकच स्प्रिंग लावली तर ती एका बाजूला ओढेल. दोन लावल्या पण मध्यावर दोन्ही ढिल्या राहिल्या, तर मधे मोकळा पट्टा राहतो आणि तिथे पाय हरवतो. म्हणून दोन्ही स्प्रिंगा मध्यावर असतानाही ताणलेल्या हव्यात, एकमेकींविरुद्ध. मग फळी कुठेही न अडखळता मध्य ओलांडते. नाना पेठेत मोटरसायकलच्या साइड स्टँडची स्प्रिंग बघितली, ती फार कडक. दुकानदाराने काय करायचंय विचारलं, मी सांगितलं, त्याने शांतपणे ब्रेक पेडलच्या रिटर्न स्प्रिंगांची जोडी काढून दिली. विमानासाठी मागणारा मी पहिलाच नसेन, असा चेहरा होता.

हिशोब : प्लाय ३००, बेअरिंग २२०, स्प्रिंगा ८०, प्रो मायक्रो ६५०, सेन्सर आणि चुंबक २२०, केबल १५०, नटबोल्ट आणि रबर १००, भोकं पाडून देणाऱ्या सुताराची मजुरी २००. एकूण १,९२० रुपये. वेळेचे पैसे यात नाहीत. शाफ्ट काढून द्यायला लेथवाला मित्रही नाही. ज्याच्याकडे हे दोन्ही नाही त्याच्यासाठी चांगला तपासून घेतलेला सेकंडहँड सेट हाच शहाणपणाचा सौदा आहे, हे मी मोकळेपणाने सांगतो.

सरकण्याचा प्रश्न शेवटी. व्हिट्रिफाइड टाइल्सवर फळीचा पाया घसरतो आणि चाकांची खुर्ची मागे पळते. दोन्हीवर एक उपाय : पायाची फळी खुर्चीखालपर्यंत लांब केली आणि त्यावर चार पायांची प्लास्टिकची खुर्ची ठेवली. आता मी माझ्याच वजनाने पेडल्स धरून ठेवतो.

*

एका फळीसाठी एवढा खटाटोप कशाला, असं रूममेटने विचारलं होतं. त्याला जे सांगितलं नाही ते इथे सांगतो.

धुळ्याजवळ गोंदूरला धावपट्टी आहे. तिथे शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं उडतात. लहानपणी ती इतकी डोक्यावरून जायची की आम्ही पोरं आवाजावरून विमान चढतंय की उतरतंय ते सांगायचो. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी मी वैमानिकांची वैद्यकीय तपासणी करणाऱ्या एका डॉक्टरांकडे गेलो. प्रशिक्षणाचे लाखो रुपये कुठून आणायचे हा पुढचा प्रश्न होता. आधी शरीर पास होतंय का बघू म्हटलं. त्यांनी ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. शिनोबू इशिहारा या जपानी नेत्रतज्ज्ञांनी १९१७मध्ये काढलेली ती चाचणी आजही चालते. रंगीत ठिपक्यांत दडलेला आकडा वाचायचा. पहिल्या पानावर आकडा होता. पुढच्या पानांवर मला नुसतेच ठिपके दिसले.

लाल आणि हिरव्यातला फरक मला नीट कळत नाही. टोमॅटो पिकलाय की नाही हे मी दाबून ठरवतो. डॉक्टर चांगले होते, त्यांनी घाई केली नाही. बाहेर आल्यावर अण्णांना फोन केला. ते म्हणाले, “बरं झालं आत्ताच कळलं.” आणि मग थोडा वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही.

नियमावर माझा राग नाही. धावपट्टीच्या कडेला चार दिव्यांची ओळ असते. बरोबर उतारावर असाल तर दोन पांढरे आणि दोन लाल दिसतात. चारही लाल म्हणजे तुम्ही धोकादायक खाली आहात. मला ते लाल दिवे लाल म्हणून नाही, मंद म्हणून कळतात. धुक्यात सगळेच दिवे मंद होतात. माझ्यामागे शंभर माणसं बसलेली असतील तर त्या डोळ्यांवर मीही विश्वास ठेवणार नाही.

पण चेंडू काळा आहे. त्याला रंग लागत नाही. उडण्यातला जो भाग डोळ्यांच्या रंगज्ञानावर अवलंबून नाही तो पायात आहे, आणि तो शिकायला मला कुणाची परवानगी लागत नाही. ऑटो रडर लावून उडवायचं असतं तर मला पेडल्सची गरज नव्हती, आणि खरं सांगायचं तर सिम्युलेटरचीही नव्हती.

*

गणपतीनंतर आई चार दिवस मोशीला आली होती. ती धुळ्याला फॉल-पिको आणि ब्लाउज शिवते, तीस वर्षं झाली. टेबलाखालची फळी बघून म्हणाली, “हे काय रे, पायमशीन?” मी खुर्ची दिली. म्हटलं, “बस, बघ.” तिने चपला काढल्या, पाय ठेवले. मी टेकऑफ दिला. स्टिक मी धरली होती, पाय तिचे. सांगितलं, “तो काळा मणी मधे ठेवायचा. जिकडे जाईल तिकडचा पाय.”

पहिल्यांदा या पट्टीवर बसणाऱ्या कुणाचंही विमान नागमोडी जातं. नाक डावीकडे गेलं म्हणून उजवा पाय, तो जास्त होतो, म्हणून डावा, तोही जास्त. रूममेटचं विमान तीन वेळा गवतात गेलं होतं. आईचं थोडं हेललं आणि सरळ झालं. मी विचारलं, “कसं जमलं गं?” ती म्हणाली, “गळ्याची गोलाई शिवताना पाय दाबायचा नसतो, ठेवायचा असतो. दाबला की सुई पळते.”

पुस्तकांत हेच लिहिलेलं असतं, की पेडल हलवू नका, त्यावर दाब द्या. मी ते वाचलं होतं. पण ‘ठेवायचा’ हा शब्द मिळाल्यावर माझा पाय शांत झाला. त्या रात्री मी रडरचा कर्व्ह बदलला, मध्याजवळची संवेदनशीलता कमी केली, आणि अनवाणी उडवायला लागलो.

हे सगळं खेळणंच आहे का? हो, आणि खऱ्या उडण्याच्या तासांत यातला एकही तास मोजला जात नाही. चेंडू घरंगळतो तेव्हा खऱ्या विमानात अंग बाजूला ढकललं जातं, खुर्चीला ते कळतं. माझ्या प्लास्टिकच्या खुर्चीला काहीच कळत नाही. पण खेळण्यांना कमी लेखू नये. एड लिंकने १९२९मध्ये पहिला नावाजलेला ट्रेनर बनवला तो वडिलांच्या वाद्यांच्या कारखान्यातले भाते वापरून. सुरुवातीला तो जत्रेतल्या पाळण्यांसारखा करमणुकीसाठी विकला गेला. १९३४मध्ये अमेरिकेच्या लष्करी हवाई दलाने त्यातले सहा घेतले, आणि पुढच्या महायुद्धात त्याच निळ्या डब्यांत हजारो वैमानिक शिकले.

आणि पाय ज्या चुका करतो त्या खेळण्यातल्या नसतात. धावपट्टीकडे शेवटचं वळण घेताना वळण थोडं लांबलं की माणसाला आतल्या बाजूचा पाय जास्त दाबून नाक ओढून घ्यावंसं वाटतं. वेग कमी, उंची कमी, चेंडू बाहेर. त्या अवस्थेत आतला पंख आधी उचल सोडतो, विमान गिरकी घेतं आणि सावरायला खाली जागा नसते. अशा वळणात खरी माणसं गेली आहेत. मी हे वळण मुद्दाम चुकवून बघितलंय, वर सुरक्षित उंचीवर आणि खालीही. खाली केलं तेव्हा स्क्रीनवर जे झालं ते बघून मी लॅपटॉप बंद केला आणि गच्चीवर जाऊन आलो.

सध्या मी नकाशातल्या गोंदूरच्या धावपट्टीवर आडव्या वाऱ्यात उतरायचा सराव करतोय. वारा डावीकडून लावतो. मग डावा पंख वाऱ्यात थोडा खाली ठेवायचा, उजव्या पायाने नाक धावपट्टीच्या रेघेत धरायचं आणि डावं चाक आधी टेकवायचं. दहातल्या सहा वेळा जमतं. उरलेल्या चार वेळी उजवा पाय किंचित उशिरा येतो. मोटरसायकलच्या स्प्रिंगा अजून टिकून आहेत, बेअरिंगात आवाज नाही, प्ले शून्य. डायल गेज लावून बघितलाय. ते दहातले नऊ झाले की टो ब्रेकचं बघू. त्यासाठी दोन बिजागऱ्या आणून ठेवल्या आहेत.